पगार तेवढाच, मग कर्ज कसं फेडायचं? घरखर्चातून आणि जोडकामातून

तीन तारखेला ईएमआय, पाचला कार्डाचं बिल, दहाला टीव्हीचा हप्ता आणि पंधरा तारखेला परत कुणाला तरी "दोन हजार जीपे कर ना, पगार झाला की देतो" असा मेसेज, हे ज्यांच्या घरात चालू आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. घरकर्जाबद्दल नाही, ते चालू द्या, त्याचं व्याज त्यामानाने कमी असतं. इथे विषय आहे तो क्रेडिट कार्ड, पर्सनल लोन, फायनान्सवर घेतलेल्या वस्तू, हातउसने आणि टक्क्याने घेतलेले पैसे यांचा.

उदाहरणाला माझ्या मावसभावाचं घर घेतो. भोसरीत राहतात, तो कंपनीत, वहिनी घरी, मुलं दोन. कुणी उधळ्या नाही, दारू नाही, जुगार नाही. एक आजारपण, एक लग्न, एक मोबाईल, असं करत करत साचलं सगळं. आकडे सोपे जावेत म्हणून गोल केलेत.

आधी सगळं एका पानावर

मोबाईलच्या नोट्समध्ये नको, वहीत लिहा, आणि नवरा-बायको दोघांनी बसून लिहा, कारण निम्म्या घरांत एकाला दुसऱ्याचं कर्ज माहीतच नसतं. प्रत्येक कर्जासमोर चार गोष्टी: बाकी किती, महिन्याला व्याज किती रुपये, हप्ता किती, कधी संपतं. व्याज टक्क्यात नाही, रुपयात लिहा. टक्का वाचून काही वाटत नाही, रुपये वाचले की झोप उडते.

भावाचं पान असं होतं: कार्डावर ६०,०००, पर्सनल लोन १,४०,०००, टीव्ही आणि मोबाईल मिळून १८,०००, मेहुण्याचे हातउसने २५,००० आणि ओळखीतल्या एकाकडून शेकडा ५ नी घेतलेले २०,०००.

आता कार्डाचं बघा. महिना साडेतीन टक्के व्याज धरलं तर ६०,००० वर २,१०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ३७८, झाले २,४७८. मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली कमीत कमी भरावीच लागणारी रक्कम, साधारण ५ टक्के म्हणजे ३,०००. ते भरले की माणूस निश्चिंत, पण मूळ कर्ज कमी झालं फक्त ५२२ रुपयांनी! आणि पूर्ण बिल भरलं नसेल तर नवीन खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, ती ४५-५० दिवसांची बिनव्याजी सवलत विसरा. शेकडा ५ वाल्याचं तर विचारूच नका, महिन्याला १,००० फक्त व्याज, वीस महिन्यांत २०,००० देऊन झाले तरी मुद्दल जागच्या जागी.

काही कर्ज विसरलंय का, कुणाला जामीन राहिलोय का, हे बघायला क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या नावावरच्या सगळ्या कर्जांची नोंद, काढा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हायमार्क या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावाच लागतो, त्यामुळे पाचशे रुपये घेऊन रिपोर्ट काढून देणाऱ्यांच्या नादी लागू नका.

नळ बंद करा

जुनं फेडताना नवीन चालू राहिलं तर काही होणार नाही. कार्ड कपाटात ठेवून उपयोग नसतो, कारण नंबर सगळ्या ॲपमध्ये सेव्ह असतो. तो प्रत्येक ॲपमधून काढा, पे लेटर (आत्ता घ्या, पैसे नंतर द्या) बंद करा. नो कॉस्ट ईएमआय हा प्रकार नावाइतका फुकट नसतो, प्रोसेसिंग फी लागते आणि त्यातल्या व्याजावर जीएसटी लागतो. आणि हो, दुकानदार किंवा एजंट "बाराच टक्के" म्हणाला तर फ्लॅट की रिड्युसिंग ते विचारा. फ्लॅट म्हणजे शेवटपर्यंत सुरुवातीच्या पूर्ण रकमेवर व्याज, रिड्युसिंग म्हणजे उरलेल्या बाकीवरच. फ्लॅट १२ टक्क्यांनी तीन वर्षांचं कर्ज म्हणजे प्रत्यक्षात २१ टक्क्यांच्या आसपास जातं. आता कर्ज देताना "की फॅक्ट स्टेटमेंट" नावाचा कागद देणं बंधनकारक आहे, त्यात एपीआर, म्हणजे फी वगैरे धरून वर्षाला पडणारा खरा दर, लिहिलेला असतो, तो आकडा खरा, बाकी सगळं बोलणं.

कुठलं आधी फेडायचं

सरळ हिशोब: ज्याचं व्याज सगळ्यात महाग ते आधी, बाकीच्यांचे फक्त ठरलेले हप्ते. काहीजण सांगतात सगळ्यात छोटं आधी संपवा म्हणजे हुरूप येतो. येतो हुरूप, पण शेकडा ५ चं कर्ज डोक्यावर असताना हुरूप परवडत नाही. त्यामुळे भावाच्या यादीत क्रम लागला तो असा: टक्क्याचे २०,०००, मग कार्ड, मग पर्सनल लोन. टीव्ही-मोबाईलचे हप्ते ठरलेत तसे संपतील. मेहुण्याला जाऊन तोंडावर सांगितलं की तुझे बिनव्याजी आहेत, शेवटी देतो, पण महिन्याला हजार तरी देत राहीन. पैसे उशिरा मिळाले तर नातेवाईक समजून घेतो, फोन उचलला नाही तर नाही घेत.

हे करायच्या आधी घरात झोपलेला पैसा आहे का बघा. एफडीवर सहा-सात टक्के मिळवून कार्डावर वर्षाला ४२ टक्के भरण्यात काय अर्थ आहे, मोडा ती एफडी, आजारपणापुरते पंधरा-वीस हजार तेवढे ठेवा. एलआयसीच्या जुन्या पॉलिसीवर कर्ज मिळतं, कंपनीची पतसंस्था असेल तर तिथे विचारा. आणि सोनं. आपल्याकडे गहाण म्हटलं की अब्रू गेल्यासारखं वाटतं, पण हिशोब बघा: टक्क्याचे २० आणि कार्डाचे ६०, असं ८०,००० चं व्याज भाऊ देत होता महिन्याला ३,४७८. तेच ८०,००० बँकेच्या गोल्ड लोनवर १० टक्क्यांनी घेतले तर महिन्याला ६६७. दोन हजार आठशे रुपये महिन्याला वाचले, एक चहा न सोडता! फक्त दोन अटी. दागिना बायकोचा असेल तर तिला विचारून, तिला सोबत घेऊन बँकेत जायचं. आणि कार्ड रिकामं झालं म्हणून परत वापरायचं नाही, नाहीतर सोनंही बँकेत आणि कार्डही फुल्ल, अशी घरं खूप बघितली.

काटकसर कुठे करायची

मुलांचं दूध आणि रविवारचं मटण यावर आधी घाला घालणारे लोक दोन महिन्यांत कंटाळतात आणि मग हॉटेलात जाऊन दुप्पट खर्च करतात. आधी असे खर्च शोधा जे गेल्याचं कुणाला कळणारही नाही.

मोबाईल रिचार्ज बघा. २८ दिवसांचा प्लॅन म्हणजे वर्षात बारा नाही, तेरा रिचार्ज होतात, घरात चार फोन असतील तर चार रिचार्ज जास्तीचे. घरी वायफाय असेल तर सगळ्यांना रोजचा दोन जीबी कशाला लागतो? वीजबिलात महावितरणची पहिली पायरी १०० युनिटची, त्याच्या वरच्या युनिटला जवळपास दुप्पट दर, त्यामुळे ११०-१२० युनिटवाल्या घराने गिझर आणि जुना बल्ब एवढं जरी सांभाळलं तरी फरक दिसतो. घरात बीपी-शुगरचं औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातून घ्या, निम्म्याहून कमी खर्चात होतं. कामाला एसटीने जाणाऱ्यांनी मासिक पास काढावा, २० दिवसांचं भाडं भरून ३० दिवस जाता येतं, बायकांना तर मार्च २०२३ पासून अर्ध तिकीट आहेच.

किराणा महिन्याचा एकदाच, यादी करून, आणि शक्यतो पोट भरलेलं असताना. मॉलमध्ये ट्रॉली घेतली की ती भरतेच, हातात पिशवी घेऊन जा. दहा मिनिटांत कोथिंबीर आणून देणारी ॲप मात्र डिलीटच करा. वीस रुपयांची कोथिंबीर मागवायला जातो आणि फ्री डिलिव्हरीसाठी दोनशेचं सामान भरतो.

पण खरी गळती वेगळीच आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. आहेर, मानपान, बारसं, जावळ, वाढदिवसाचा केक, गावच्या जत्रेची वर्गणी. मे महिन्यात पाच लग्नं असली की पाच ठिकाणी पाकीट, दोन ठिकाणी भांडं, जवळच्या लग्नात साडी, जाण्यायेण्याचं पेट्रोल, झाले दहा-बारा हजार, आणि यातला एक रुपया कुठल्या बजेटमध्ये लिहिलेला नसतो. वहिनीने यावर साधा उपाय केला, सासूबाईंपासून सुरुवात करून सगळ्यांना सांगून टाकलं की कर्ज फिटेपर्यंत आम्ही आहेर देणार नाही आणि घेणार पण नाही, कार्याला येणार, वाढायला उभे राहणार. चार लोक बोलले. बोलू देत. निम्म्या पत्रिकांवर तसंही "कृपया आहेर आणू नये" छापलेलं असतं, एकदा त्यांचं ऐकून बघायला काय हरकत आहे!

वाचलेले पैसे त्याच दिवशी कर्जात

सगळ्या लेखातलं हे एक नीट लक्षात ठेवा. काटकसर करणारे पुष्कळ असतात तरी त्यांचं कर्ज हलत नाही, कारण वाचलेले चारशे खात्यातच पडून राहतात आणि शनिवारी कशाततरी जातात. कार्डाचं बिल महिन्यातून एकदाच भरायचं असा काही नियम नाही, यूपीआयने कितीही वेळा, दोनशे-दोनशे करून पण भरता येतं, आणि बाकी असलेल्या रकमेवर व्याज रोजच्या हिशोबाने लागतं म्हणून लवकर भरलेल्याचा थोडा फायदाही होतो. रद्दी विकली, ३४० आले, तिथेच दुकानाबाहेर उभं राहून कार्डात टाका. रिक्षाऐवजी चालत आलात, ५० टाका. पर्सनल लोनमध्ये असं चिल्लर भरता येत नाही, तिथे पार्ट पेमेंटला (हप्त्याव्यतिरिक्त मुद्दलात भरायच्या रकमेला) किमान मर्यादा असते आणि फिक्स्ड रेटच्या लोनला बहुतेक दंडही लागतो, तो बँकेत विचारून घ्या आणि तोवर पैसे वेगळ्या खात्यात साठवा, ज्याचं एटीएम कार्ड पाकिटात नसेल. पिग्मीवाला घरी येत असेल तर तेही चालेल, व्याज नगण्य असतं पण रोज दारात येऊन मागणारा माणूस असतो.

वरकमाई

ऑनलाइन घरबसल्या महिन्याला पन्नास हजार वगैरेच्या जाहिराती सोडून द्या, आधी पैसे भरा म्हणणारं काम म्हणजे फसवणूकच. स्वतःला जे येतं आणि शेजारच्या दोन इमारतींत ज्याची गरज आहे तेच चालतं.

वहिनीने पोळ्या सुरू केल्या. आसपास नोकरी करणारी पोरं भरपूर, भाजी कशीबशी करतात पण कणकेला हात लावत नाहीत. रोज ४० घडीच्या पोळ्या, ८ रुपयाला एक, म्हणजे ३२०. त्याला सव्वा-दीड किलो पीठ, तेल आणि गॅस धरून शंभरेक रुपये जातात, हातात राहिले २२०, महिन्याचे २६ दिवस धरले तर ५,७०० च्या वर. सकाळी दीड तास. पहिल्या आठवड्यात गिऱ्हाईकं तीनच होती, ती वाढली ती सोसायटीच्या ग्रुपवर टाकल्यामुळे नाही, वॉचमनला सांगितल्यामुळे. पैसे आठवड्याचे आगाऊ घ्यायचे, "महिन्याने देतो" ऐकायचं नाही. गणपतीत उकडीचे मोदक, दिवाळीआधी भाजणी आणि चकली, या ऑर्डरी वेगळ्या. खाण्याचा धंदा आहे तर एफएसएसएआयची (सरकारच्या अन्नसुरक्षा विभागाची) नोंदणी ऑनलाइन करून टाका, छोट्यांसाठी सोपी आहे.

बाकी कुणाला पिको-फॉल जमतं, कुणाला शिकवणी, कुणाला शनिवार-रविवारी इलेक्ट्रिकची कामं. भावाने ओव्हरटाइम मागून घेतला, एवढंच. बाईकवरची डिलिव्हरी मी सहसा सुचवत नाही, पेट्रोल आणि गाडीची झीज वजा केली की राहतं थोडं आणि आठ तास ड्युटी केलेल्या माणसाने रात्री पावसात गाडी पळवणं बरं नाही.

वरकमाई घरखर्चात मिसळली की संपली. ती पूर्ण कर्जालाच.

हप्ता जमतच नसेल तर

तोंड लपवू नका. हप्ता बाऊन्स व्हायच्या आधी बँकेत जाऊन मुदत वाढवून मागा. वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला, शिवीगाळ करायला, नातेवाइकांना फोन करून त्रास द्यायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. आधी बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत काही झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन, त्याला पैसे लागत नाहीत. लोन ॲपवाला फोटोंची धमकी देत असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. विनापरवाना सावकार असेल तर २०१४ चा महाराष्ट्र सावकारी कायदा आहे, तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे.

सेटलमेंटची, म्हणजे थोडी कमी रक्कम घेऊन कर्ज मिटवायची, ऑफर आली तर लगेच हुरळू नका. रिपोर्टवर "सेटल्ड" लागतं आणि पुढे वर्षानुवर्षं घरकर्ज मिळताना त्रास होतो. अगदीच गळ्याशी आलं असेल तरच, आणि पत्र हातात आल्याशिवाय रुपया भरायचा नाही.

फिटल्यावरचे कागद

प्रत्येक कर्ज संपलं की नो ड्यूज सर्टिफिकेट, म्हणजे काही बाकी नाही असा दाखला, घ्या. कार्ड बंद करायचा अर्ज दिला आणि बाकी शून्य असेल तर बँकेने ते ७ कामकाजाच्या दिवसांत बंद करायचं असतं, नाही केलं तर दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यायचे असतात, हे त्यांना आठवण करून द्या. खात्यातून हप्ता आपोआप कापायची दिलेली परवानगी (ऑटो डेबिटचं मँडेट) बँकेतून रद्द करा, नाहीतर संपलेल्या कर्जाचा हप्ता कापला जाऊन तो परत मिळवायला चार चकरा होतात. दीड-दोन महिन्यांनी रिपोर्ट परत काढून "क्लोज्ड" लागलंय का बघा. आणि सावकाराला किंवा फायनान्सला कोरे चेक, सही केलेला स्टॅम्प पेपर काही दिलं असेल तर शेवटचा हप्ता देतानाच, पैसे समोर ठेवून, ते सगळं परत मागा, नंतर मागायला गेलात तर "शोधून ठेवतो" एवढंच ऐकायला मिळतं.