वाहतुकीच्या हॅकेथॉनला बसणार आहात? आधी थांब्यावर जाऊन या

सार्वजनिक वाहतुकीवरच्या हॅकेथॉनमध्ये, म्हणजे एक-दोन दिवसांत प्रकल्प बनवून दाखवायच्या स्पर्धेत, पहिल्यांदा उतरणाऱ्या बऱ्याच टीम एकच गोष्ट ठरवून येतात: अ‍ॅप करायचं, त्यात बस कुठे आहे ते नकाशावर दाखवायचं. अशी अ‍ॅप मुंबईत आधीच आहेत. रात्रभर जागून तेच पुन्हा बनवलं तर परीक्षकांचा पहिलाच प्रश्न येतो, "यात नवीन काय?" म्हणून कॉलेजमधल्या ज्युनिअर्सना मी सांगते, लॅपटॉप उघडण्याआधी भर पावसात एखाद्या थांब्यावर उभे राहा आणि लोक एकमेकांना काय विचारतात ते ऐका.

आम्हाला विषय असाच मिळाला, मुंबईत दादरजवळच्या हिंदमाताला. जोराचा पाऊस झाला की तिथे पाणी तुंबतं, हे मुंबईकराला सांगायला नको. अशा वेळी डॉ. आंबेडकर रोडवरच्या बस खालच्या रस्त्याने न नेता तिथल्या उड्डाणपुलावरून काढतात आणि पुलाखालचे थांबे सुटतात. थांब्यावरच्या एक मावशी शेजारच्या मुलीला विचारत होत्या, "गाडी खालून येतेय की वरून?" बस किती मिनिटांत येईल हे त्यांना नकोच होतं. इथे थांबायचं की पुढे चालत जायचं, एवढंच हवं होतं. आमचा प्रकल्प म्हणजे मावशींच्या त्या प्रश्नाचं उत्तर.

ऐकायला सोपं वाटतं, पण खरी मजा इथेच आहे. बस दुसऱ्या रस्त्याने वळवली असेल तर ती मार्गाच्या रेषेपासून किती मीटर लांब गेली हे मोजून पकडता येतं. इथे तसं चालत नाही, कारण जीपीएसच्या अक्षांश-रेखांशांना पूल आणि पुलाखालचा रस्ता जवळपास एकच. जीपीएस उंचीही सांगतं, पण पुलाएवढा फरक ओळखायला तो आकडा भरवशाचा नसतो. मग आम्ही वेग धरला. खालून जाणारी बस थांब्यापाशी मंदावते, सिग्नलला थांबते. पुलावरची एका दमात पार होते. रात्री रस्ता मोकळा असताना खालची बससुद्धा न थांबता जाते, त्यामुळे एका बसवरून काही ठरवायचं नाही. पाऊस चालू आहे आणि लागोपाठच्या दोन-तीन बस न मंदावता गेल्या, तरच सूचना द्यायची.

यासाठी जीटीएफएस, म्हणजे सार्वजनिक वाहतुकीचं वेळापत्रक संगणकाला कळेल असं लिहायचा साचा, शिकून घ्या. २००५ च्या सुमारास अमेरिकेतल्या पोर्टलंडची परिवहन संस्था आणि गुगल यांच्या कामातून हा साचा तयार झाला. थांबे, मार्ग, फेऱ्या, वेळा यांच्या साध्या मजकूर फाइली असतात, एका दिवसात कळतात. दोन गोष्टी सुरुवातीलाच लक्षात ठेवा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकाच नावाचे थांबे असतात, त्यांची नोंद वेगवेगळी करावी लागते. नाहीतर प्रवासी उलट्या दिशेला उभा राहील. आणि मध्यरात्र उलटून धावणाऱ्या फेरीची वेळ तिथे २५:१० अशीही लिहितात, म्हणजे आदल्या दिवसाच्या वेळापत्रकातले रात्रीचे एक वाजून दहा. तारीख-वेळ वाचणारी नेहमीची लायब्ररी (तयार कोड) इथे अडते. याच साच्याच्या रिअल-टाइम, म्हणजे त्या क्षणाची माहिती देणाऱ्या, भागात गाडीचं ठिकाण, वेळेतला बदल आणि प्रवाशांसाठी सूचना असे तीन प्रकार असतात. तिसऱ्याकडे फार कमी टीम वळतात. आमचं सगळं काम त्यातच बसलं.

प्रत्यक्ष बसचा डेटा हाती नसेल तर कृत्रिम डेटा बनवा, पण तो कृत्रिम आहे हे पहिल्याच स्लाइडवर लिहा. परीक्षक त्यावर अडून बसत नाहीत. लपवलेलं उघडं पडलं तर मात्र बाकीच्या कामावरचा त्यांचा विश्वास उडतो. सादरीकरण कोडिंग करणाऱ्यानेच करायला हवं असंही नाही. थांब्यावर लोकांशी बोललेल्याला पुढे करा, त्याच्याकडे सांगण्यासारखं जास्त असतं.

स्क्रीनचा विचार मात्र शेवटच्या तासावर ढकलू नका. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पिशवी, त्यात ओल्या बोटांना टचस्क्रीन नीट दाद देत नाही. म्हणून आम्ही एकही बटण ठेवलं नाही. थांब्यावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की मोठ्या अक्षरांत मराठीत एकच ओळ येते: "बस पुलावरून जात आहेत, पूल संपल्यावरच्या थांब्यावर जा."