उडती किक शिकताना आधी उतरायला शिका
सांगलीत ओळखीची तालीम असेल तर वस्तादांना विचारून, चपला बाहेर काढून, सकाळी लवकर लाल मातीत उतरा. खणलेल्या मातीत पडण्याची भीती कमी होते. पहिले काही दिवस किक मारूच नका. गुडघ्याएवढ्या उंचीवरून नुसती उडी मारायची आणि आवाज न करता उतरायचं: आधी चवडा, मग टाच, गुडघे वाकलेले आणि पायाच्या बोटांच्या दिशेतच. गुडघे आत झुकत असतील तर उंची कमी करा.

पण एक घोळ पोरं हमखास करतात. गिरकीच्या किकसुद्धा मातीतच मारतात. भुसभुशीत मातीत टेकलेला पाय रुततो, अंग फिरतं, पाय फिरत नाही आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. म्हणून टॉर्नेडो किक किंवा ५४० किक (दोन्ही उडी मारून गिरकी घेत मारायच्या किक) मॅटवरच करा. ५४० मध्ये ज्या पायाने किक मारायची त्याच पायावर उतरायचं असतं, त्यामुळे एका पायावरचं उतरणं आधी वेगळं घोटवा. फिरताना मान आधी वळवा, नजर लक्ष्यावर पोचली की खांदे आणि कंबर मागून येतात.

मोबाईल विटेला टेकवून स्लो मोशनमध्ये शूट करा, आपली किक किती खाली आहे ते कळतं (थोडं वाईट वाटतं, चालायचंच). पाय थकले की उडी बंद. बॅकफ्लिप (हवेतली मागची कोलांटी) मात्र एकट्याने कधीच नाही, कंबरेला हात देणारा जाणकार शेजारी हवा.