रात्रीचा घाम: साखर उतरली की पाळी चालली?

रात्री अडीचला जाग येते. मानेखालची उशी ओली, गाऊन पाठीला चिकटलेला, छातीत धडधड. डायबिटीस असलेली बाई अशा वेळी ‘शुगर उतरली’ म्हणत अंधारात ओट्यापाशी जाते, साखरेच्या डब्यात चमचा घालते, वर दोन बिस्किटं खाते. सकाळी उपाशीपोटीचा आकडा १९० दिसला की दिवसभर स्वतःलाच बोल लावत बसते. पंचेचाळिशीच्या आसपास हा घाम पाळी जायच्या दिवसांत अंगातून येणाऱ्या गरम वाफांचाही असू शकतो. लक्षणं इतकी सारखी असतात की नुसत्या अंदाजाने ओळखता येत नाही.

म्हणून ग्लुकोमीटर कपाटातून काढा आणि उशाशी ठेवा. घाम फुटला की आधी बोट टोचायचं, मग खायचं. बोट मात्र धुऊन कोरडं केलेलं हवं, गोडाचा हात लागला असेल तर आकडा खोटाच वाढतो. आकडा ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, पाण्यात विरघळवून प्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. अजूनही कमी असेल तर परत तेवढीच. लाडू किंवा चॉकलेट नको, त्यातल्या तुपा-तेलामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. आकडा ७० च्या वर असेल तर पंखा वाढवा, गाऊन बदला आणि झोपा.

मशीन हाताशी नाही आणि तुम्ही इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावणारी गोळी) घेता? मग साखर उतरलीय असंच धरून चाला, तिथे धोका पत्करू नका. फक्त मेटफॉर्मिन चालू असेल तर साखर इतकी उतरणं विरळाच. रात्री पुन्हापुन्हा ७० च्या खाली जात असेल तर डोस बदलावा लागेल, आणि तो डॉक्टरांनी.

दुसरं काम कॅलेंडरवरचं. दुधाचे खाडे मांडता तिथेच पाळीची तारीख, सकाळचा आकडा, जेवणानंतर दोन तासांचा आकडा आणि रात्री झोप लागली की नाही, एवढं दोन-तीन महिने लिहा. पाळीच्या दोन हॉर्मोन्सपैकी इस्ट्रोजेन इन्सुलिनच्या कामाला हातभार लावतं, प्रोजेस्टेरॉन त्यात खो घालतं. पाळी नियमित होती तेव्हा अनेकींची साखर पाळीआधीच्या आठवड्यात चढायची आणि मग उतरायची. आता पाळी कधी २५ दिवसांनी, कधी ६०. तेच जेवण, तीच गोळी, तरी आकडा वेगळा. त्यात झोपमोड झाली की इन्सुलिनचा परिणाम आणखी कमी होतो. एका सकाळच्या आकड्यावरून गोळी वाढवू नका. कॅलेंडरचं पान डॉक्टरांपुढे ठेवा.

आणखी एक गोष्ट, जी बऱ्याच जणींना कुणी सांगतच नाही. या दिवसांत अंगावर जास्त जातं, लोह कमी होतं, आणि लोह कमी असलं की तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणी खरी असते त्यापेक्षा जास्त येऊ शकते. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यावर ती खालीही येते, मग आपण उगीच खूश. तेव्हा त्याच वेळी हिमोग्लोबिनही तपासून घ्या आणि रक्तस्राव किती होतो ते न लाजता सांगा.

खाण्याबद्दल सगळ्यांनी सांगून झालंय. मी एवढंच म्हणेन की उपवासाची साबुदाणा खिचडी म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, आणि जेवल्यावरची १०-१५ मिनिटांची चाल साखरेला खरंच आवरते. आठवड्यातून दोनदा स्नायूंचा व्यायामही हवा: खुर्चीतून हात न टेकता उठा-बसा, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचला.

गणपतीत पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणू नका. त्यांचा साखरेवर परिणाम होऊ शकतो, शिवाय प्रत्येकीला त्या चालतातच असं नाही.

पाळी अनियमित झाली म्हणून दिवस राहणार नाहीत असं समजू नका. साखर चढलेली असताना गर्भ राहिला तर बाळालाही धोका असतो. आणि पाळी थांबून १२ महिने झाल्यावर पुन्हा थेंबभर जरी रक्त दिसलं, तरी ‘उष्णता झाली असेल’ म्हणून थांबू नका, लगेच स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.