माघातली सांदण: दोराशिवाय, एका दिवसात

भंडारदऱ्याजवळच्या सांदण दरीत पावसाळ्यात उतरायचं नाही, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. पण दिवाळीनंतर लगेच गेलात तर डोहात पाणी बरंच असतं, आणि एप्रिल-मेमध्ये दरीत सावली असली तरी बाहेरचा कातळ भाजून काढतो. म्हणून फेब्रुवारी. तेव्हा डोह उतरलेले असतात, पहाटे अंगात स्वेटर लागतो आणि दिवसभर चालता येतं.

इथे सांगतोय ती वाट साम्रद गावातून दरीत उतरते, पहिल्या रॅपलच्या, म्हणजे जिथून दोराने कडा उतरावा लागतो त्या जागेच्या, काठापर्यंत जाते आणि तिथूनच मागे फिरते. पुढे कोकणात डेहण्याकडे उतरायला दोर, हार्नेस (दोराला जोडायचा कमरेचा पट्टा) आणि ते रोज हाताळणारी माणसं लागतात. तो निराळा बेत आहे, त्याची तयारीही निराळी.

साम्रद अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या पलीकडे. मुंबईहून इगतपुरी, घोटी, शेंडी आणि मग घाटघर किंवा रतनवाडीमार्गे. पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूर, शेंडी. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तेव्हा नाक्यावर प्रवेशशुल्काची पावती घ्या. शक्यतो आदल्या रात्री साम्रदमध्येच मुक्काम करा. रात्री थंडी चांगलीच जाणवते, चादरीवर भागत नाही. गावातल्या घरी जेवणाची सोय होते, पण उतरण्याआधी सांगून ठेवावं लागतं. चार वाजता येऊन भाकरी मागितली तर चूल नव्याने पेटवावी लागते.

सोबत गावातला वाटाड्या घ्याच. वाट सापडत नाही असं नाही, दरीत चुकायला जागाच नाही. पण यंदा डोहात किती पाणी आहे, कुठला धोंडा पावसात सरकला, मधमाश्यांची पोळी कुठल्या भिंतीला आहेत, हे त्यालाच माहीत असतं.

माणशी तीन लिटर पाणी घ्या. डोहातलं पाणी प्यायचं नाही, ते साचलेलं असतं आणि दिवसभर त्यातून माणसं जातात. गूळ-शेंगदाणे, संत्री, कोरडी पोळी-भाजी. क्रेप बँडेज एक नव्हे, दोन, कारण इथली नेहमीची दुखापत म्हणजे मुरगळलेला घोटा. हेडलॅम्प आणि मोज्यांचे दोन जादा जोड. फोन, पाकीट आणि गाडीची किल्ली जाड प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून. दरीत रेंज नसते, त्यामुळे कधी परत येणार ते गावात सांगून जा.

सकाळी सातला निघा. दरीचं तोंड गावापासून चालत पंधरा मिनिटांवर आहे. आत शिरलात की सांदीकोपऱ्यातली सांदी म्हणजे काय ते अंगाला कळतं: दोन्ही बाजूंना शेकडो फूट उभा कातळ, आणि मधली वाट काही ठिकाणी दोन माणसं शेजारी चालतील एवढीच.

डोह सुरुवातीलाच लागतात, दोन. पहिल्यात पाणी कमी, दुसऱ्यात जास्त. साधारण कंबरेपर्यंत धरा, पण ते त्या वर्षीच्या पावसावर ठरतं. ऊन पोहोचत नसल्याने पाणी बोचरं असतं. बूट काढून अनवाणी जायचा मोह होतो. तो टाळा, तळाशी धारदार दगड आहेत. मोजे आणि बुटातली आतली गादी काढून सॅकमध्ये टाका, नुसते बूट घालून पाणी ओलांडा. सॅक पाठीवर नको, डोक्यावर धरा. पुढच्याने काठीने तळ चाचपत जायचं, मागच्याने त्याच्याच पावलावर पाऊल टाकायचं. पलीकडे गेल्यावर बूट उलटे करून पाणी काढा, कोरडे मोजे घाला आणि पाच मिनिटं जमिनीवर पाय आपटा.

हे पाय आपटणं महत्त्वाचं आहे. पुढच्या धोंड्यांवर राखी रंगाचा पापुद्रा दिसेल. ते वाळलेलं शेवाळ. कोरडा बूट त्यावर छान धरतो, ओल्या तळव्याखाली तेच साबणासारखं होतं. बहुतेक जण डोहात पडत नाहीत, डोहानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत घसरतात.

पुढे धोंडेच धोंडे. मोठा धोंडा सहसा हलत नाही. दगा देतो तो मध्यम, पाटाएवढा, दोन दगडांवर टेकलेला. वजन टाकण्याआधी पायाने दाबून पाहा, डुगडुगला तर सोडा. उडी मारायची नाही, बसून उतरायचं. हात कातळाला लावा, पण दोन धोंड्यांच्या फटीत घालू नका, तिथे विंचू-साप असू शकतात. दोघांमध्ये पाच-सहा फूट अंतर ठेवा, म्हणजे पुढच्याच्या पायाखालून सुटलेला दगड मागच्याला लागत नाही.

आग्या माश्यांची पोळी कड्यांना लटकलेली असतात. म्हणून अत्तर-डिओ नको, बिडी-सिगारेट, शेकोटी काही नको, आणि प्रतिध्वनी ऐकायला आरोळ्या तर मुळीच नकोत. एखादी माशी डोक्याभोवती घिरट्या घालू लागली तर हात न झटकता मुकाट मागे फिरा. माश्या अंगावर आल्याच तर तोंड-मान कापडाने झाकून पोळ्यापासून लांब सरका. काटा चिमटीत न धरता नखाने खरवडून काढा. खूप डंख झाले, श्वास लागला किंवा चेहरा सुजला, तर थेट दवाखाना.

दरी कोकणाच्या बाजूला उतरत जाते, म्हणजे जाताना उतार आणि परतताना चढ. वेळ नेमकी इथे चुकते. जायला दोन तास लागले तर परतीला अडीच धरा, आणि डोह पुन्हा ओलांडायचेत हेही. बारा वाजता जिथे असाल तिथून मागे फिरा, रॅपलची कडा आली नसली तरी. कडा आली तर चार-पाच फूट अलीकडेच बसा. तिथला पहिला टप्पा साधारण ४५ फुटांचा आहे, आणि काठावरचा कातळ सतत दोर घासून गुळगुळीत झालेला असतो. फोटो बसूनच काढा.

शेजारच्या रतनगडावर ढग दिसले किंवा अवकाळीचा अंदाज असला तर दरीत शिरूच नका. अर्ध्या तासाच्या सरीतही वरचं सगळं पाणी या फटीत येतं आणि दोन्ही बाजूंना चढायला जागा नसते. त्या दिवशी रतनवाडीच्या अमृतेश्वराच्या मंदिरात जा, कोरीव खांब पाहायला निवांत दोन तास द्या.

परतीचा शेवटचा डोह ओलांडला की सॅकमधून मोज्यांचा दुसरा जोड काढून घाला. खरकटं, संत्र्याच्या सालींसकट, सॅकमध्ये भरून वर आणा.