क्रूझची बोट एक दिवस पोर्ट ब्लेअरला: पक्षी बघायचे तर आधी घड्याळ बघा

डिसेंबरअखेर पुण्यात सूर्य सातला उगवतो. पोर्ट ब्लेअरला (२०२४ पासून श्री विजयपुरम) घड्याळ तेच, पण तिथे पावणेसहाच्या आत उजाडतं आणि पाचच्या सुमारास मावळतं. ही बेटं पुण्याच्या सुमारे १९ अंश पूर्वेला, म्हणून ऊन सव्वा तास आधी चढतं. बोटीवरचा भरपेट नाश्ता उरकून साडेआठला धक्क्यावर उतरलात, तर पक्ष्यांच्या लेखी पुण्यातले पावणेदहा वाजलेले असतात. जंगल गप्प व्हायला लागलेलं असतं. त्यामुळे आदल्या रात्रीच रिसेप्शनवर उतरण्याचा क्रम विचारा, पहिल्या तुकडीत नाव घाला, आणि नाश्त्याऐवजी खिशात दोन केळी ठेवा.

ठिकाणं दोनच धरा. शहराच्या दक्षिणेला साधारण २५ किलोमीटरवर चिडिया टापू, तिथलं जंगल. आणि सिप्पीघाट, जिथे २००४ च्या त्सुनामीनंतर शेतात खारं पाणी शिरलं आणि पाणथळ तयार झाली. आधी जंगल, मग पाणथळ. पाणथळीतले पक्षी भर उन्हातही दिसतात, जंगलातले दिसत नाहीत. सेल्युलर जेलही त्याच दिवशी उरकायचा हट्ट धरलात, तर तिन्ही अर्धवट होतील. गाडी दिवसभरासाठी ठरवा आणि थांबण्याचे पैसे आधीच बोलून घ्या. चिडिया टापूहून परतीला एक तास धरा. बोटीवर हजर व्हायच्या वेळेच्या किमान दोन तास आधी तिथून निघा. मोबाइलला रेंज मिळेलच असं धरू नका. नकाशा आणि मर्लिन या पक्षी ओळखायच्या अ‍ॅपचा भारताचा पॅक पुण्यातच उतरवून ठेवा.

दुर्बीण ८ बाय ४२ ची पुरे. १० पटीची डेकवर इंजिनाच्या थरथरीने हलते आणि चित्र स्थिर राहत नाही. नेहमी होणारी चूक एसीची. थंड केबिनमधून दुर्बीण एकदम दमट हवेत आणली की काचांवर वाफ धरते आणि मोक्याची दहा-पंधरा मिनिटं पुसापुशीत जातात. ती झिपच्या पिशवीत बंद करून अर्धा तास आधी बाल्कनीत ठेवा आणि पिशवी उघडायची घाई करू नका. खाऱ्या पाण्याचे शिंतोडे उडाले तर कोरड्या कापडाने घासू नका, मिठाचे कण काच खरवडतात. आधी फुंकणीने उडवा, मग गोड्या पाण्यात ओलसर केलेल्या मऊ कापडाने टिपा.

जंगलात चालण्यापेक्षा उभं राहणं फायद्याचं. रस्त्याच्या कडेला फळं धरलेलं झाड शोधा आणि वीस मिनिटं हलू नका. आपल्याकडच्या ओळखीवर इथे फार विसंबता येत नाही. इथला भारद्वाज काळा नाही, तपकिरी आहे. टकाचोर आपल्यापेक्षा लहान आणि काळपट. मोठा काळा सुतार दिसला तर तो अंदमानी सुतार. नराच्या डोक्यावर लाल तुरा असतो. खरी फसगत कोतवालांत होते: अंदमानी कोतवालाची लांब दुभंगलेली शेपटी टोकाला वळलेली असते, पण भृंगराज हा दुसरा कोतवालही इथे आहे आणि पिसं झडताना त्याच्या शेपटीच्या टोकाच्या लांब तारा तुटतात. तारा नाहीत म्हणजे अंदमानीच, असं लिहून मोकळे होऊ नका. कपाळावरचा तुरा बघा, तो भृंगराजाचा. सर्पगरुडही दोन प्रकारचे. गडद तपकिरी, आतल्या जंगलात राहणारा तो अंदमानी. खारफुटीच्या बाजूचा फिकट तो तुरेवाला. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावू नका.

अकरानंतर पुण्यातली एक ते चारची विश्रांती पक्षीही पाळतात. तेव्हा जेवा आणि सिप्पीघाटला जा. जाण्याआधी भरती-ओहोटीचं कोष्टक बघा. ओहोटीत चिखल्या आणि तुतवार हे चिखलात चरणारे छोटे पक्षी दूरवर विखुरतात, भरती चढू लागली की उरलेल्या उंचवट्यांवर गोळा होतात. अंदमानी बदक इथे शोधायचं: तपकिरी, डोळ्याभोवती पांढरं कडं. तुतवारांची ओळख मात्र पुण्यातच पक्की करा. नोव्हेंबरपासून सोलापूर रस्त्यावरच्या कवडीपाटला दोन-तीन रविवार सकाळी गेलात, की साधा, ठिपकेवाला आणि हिरवा यांतला फरक डोळ्यांत बसतो. तिथे नवशिके राहिलात तर सिप्पीघाटला सगळेच राखाडी दिसतात.

खाडीच्या अगदी काठाशी बसू नका, खाऱ्या पाण्यातल्या मगरी या बेटांवर आहेत. किनाऱ्यावर वाळूमाश्या चावतात. पायमोजे वर ओढा, अर्धी पँट नको.

बोट सुटताना केबिनमध्ये जाऊ नका. वारा अडलेल्या बाजूला, शक्य तितक्या पुढच्या डेकवर उभे राहा. बोटीच्या पुढच्या टोकासमोरून उडणारे मासे उसळतात आणि समुद्रपक्षी त्यांच्यामागे येतात. पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड मात्र किनारा मागे पडायच्या आतच शोधायचा.