सोमवार ते सोमवार: दुसरीच्या वर्गातला एक आठवडा, नवीन शिक्षकांसाठी

वर्ग नवीन हातात आला की रोज सकाळी एकच प्रश्न डोक्यात असतो, आज काय शिकवू. माझंही पहिली दोन वर्षं तेच चाललं होतं, टाचण काढायचं, धडा घ्यायचा, वह्या तपासायच्या, पुढचा धडा घ्यायचा. मुलं त्या दिवशी बरोबर उत्तरं द्यायची त्यामुळे मला वाटायचं शिकवून झालं. मग एकदा मी सुट्टीनंतर सहज मागच्या आठवड्यातली तीन गणितं फळ्यावर लिहिली आणि अर्धा वर्ग नुसता फळ्याकडे बघत बसला. शुक्रवारी हीच मुलं पटापट सोडवत होती. त्या दिवशी मला खरंच खूप वाईट वाटलं, पण तेव्हापासून माझं सगळं प्लॅनिंग बदललं, म्हणून ज्यांना आत्ता पहिल्यांदा छोट्यांचा वर्ग मिळालाय त्यांच्यासाठी एका आठवड्याचा अनुभव जरा सविस्तर लिहितेय. वर्ग दुसरीचा, मुलं ३४, आणि आठवड्याचा मुख्य विषय दोन अंकी वजाबाकी, ती दशक सुट्टा करावा लागतो ती.

सोमवारी मी नवीन काहीच सुरू करत नाही. पहिली दहा मिनिटं मागच्या आठवड्यातले तीन प्रश्न, वहीच्या शेवटच्या पानावर, मार्क नाहीत, कोणाला ओरडणं नाही. एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग छापले होते, अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची आणि किती वेळाने किती विसरतो ते मोजायचं. त्याला दिसलं की विसरणं सगळ्यात जोरात होतं ते अगदी सुरुवातीला, आणि एकाच बैठकीत घोकण्यापेक्षा मध्ये दिवस सोडून केलेली उजळणी जास्त टिकते. डीएडला हे आपण सगळेच परीक्षेपुरतं लिहून येतो, पण वर्गात मात्र एक धडा एकदाच घेतो आणि पुढे जातो. ही दहा मिनिटं वाया जातात असं वाटेल, सिलॅबस मागे पडेल अशी भीतीही वाटेल, तरी सोडू नका. त्यात मुलं आठवायचा प्रयत्न करतात, आणि लक्षात राहायला तो प्रयत्नच उपयोगी पडतो, आपण परत समजावून सांगण्यापेक्षा कितीतरी जास्त.

त्यानंतर मी फळ्यावर ४२ वजा १७ लिहिलं आणि काही न शिकवता सोडवायला दिलं. बऱ्याच जणांचं उत्तर ३५ आलं. नवीन शिक्षक इथे पटकन लाल फुली मारून मोकळे होतात, मीही व्हायचे. पण ३५ कसं आलं ते विचारून बघा. एकीने मला सांगितलं, "बाई, दोनातून सात जात नाहीत ना, मग सातातून दोन घालवले." म्हणजे तिने नियम पाळलाय, मोठ्यातून लहान जातं हा, जो आपणच तिला पहिलीत शिकवलाय. अशी चूक निष्काळजीपणाची नसते, तिच्यामागे विचार असतो आणि तो विचार कळला की पुढचे चार दिवस काय करायचं ते आपोआप कळतं. मी वहीत चुकीच्या उत्तराशेजारी फुलीऐवजी बारीक अक्षरात चुकीचा प्रकार लिहिते, 'उलटं वजा' असं काहीतरी. ३४ वह्या तपासल्यावर प्रकार तीन किंवा चारच निघतात.

मंगळवार पूर्ण काड्यांचा. दहा दहा काड्यांचे रबर लावलेले गठ्ठे आणि थोड्या सुट्ट्या, प्रत्येक दोघांत एक डबा. सूचना एवढीच, ४२ काड्या मांडा आणि मला त्यातल्या १७ द्या. एका जोडीपाशी मी मुद्दाम थांबले. तो मुलगा एरवी गणिताच्या तासाला फारसं बोलत नाही. समोर चार गठ्ठे, दोन सुट्ट्या. त्याने एक गठ्ठा माझ्या हातात दिला, दोन सुट्ट्या दिल्या, आणि मग हात थांबला. अजून पाच द्यायच्या होत्या आणि समोर नुसते बांधलेले गठ्ठे. त्याने एक गठ्ठा उचलला, परत ठेवला, मैत्रिणीकडे बघितलं, शेवटी एकदम हळू आवाजात विचारलं, "बाई, रबर काढू का?"

हा प्रश्न त्याला स्वतःला पडला याचा मला किती आनंद झाला ते सांगता येणार नाही, कारण दशक सुट्टा करणं म्हणजे नेमकं हेच, रबर काढणं. आणि रबर काढल्यावर त्याने त्या दहा काड्या परत मोजल्या. माझ्या अगदी जिभेवर आलं होतं की अरे दहाच आहेत, दहाचाच गठ्ठा होता ना. पण गप्प बसले. त्याला खात्री करून घ्यायची होती की सुट्टं केल्यावरही दहा दहाच राहतात, आणि ती खात्री मी सांगून होणारी नव्हती.

इथे शब्दांबद्दल एक सांगते. आधी मी 'शेजाऱ्याकडून एक उसना घ्यायचा' असं शिकवायचे, आपल्याला तसंच शिकवलेलं असतं. एका वर्षी एका मुलीने विचारलं, "मग परत कधी द्यायचा?" तिचं बरोबर होतं, उसनं घेतलेलं परत द्यायचं असतं, आणि इथे कोणी काही परत देत नाही, एका दशकाचे फक्त दहा सुट्टे होतात. तेव्हापासून वर्गात मी 'सुट्टे करायचे' असंच म्हणते, काड्या हातात असल्या की तो शब्द लगेच पटतो.

मंगळवारचीच अजून एक गोष्ट, प्रश्न विचारून थांबण्याची. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांची रेकॉर्डिंग ऐकून दाखवलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एखादा सेकंदच थांबतात, आणि तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबले तर उत्तरं लांब येतात, गप्प मुलंही बोलायला लागतात, 'माहीत नाही' कमी होतं. मी माझा एक तास मोबाईलवर रेकॉर्ड करून घरी ऐकला. प्रश्न विचारला की मी लगेच दुसऱ्या शब्दात तोच प्रश्न, मग हिंट, मग अर्धं उत्तर. मुलांना विचार करायला जागाच नव्हती. आता प्रश्न विचारला की मनात पाचपर्यंत मोजते, ओठ मिटून. पहिले काही दिवस ती शांतता फार जड जाते, पण मुलांना नाही जात, ती आपल्यालाच जाते. त्याच रेकॉर्डिंगमध्ये हेही लक्षात आलं की तासभर उत्तरं त्याच सहा-सात मुलांची होती, म्हणून आता प्रत्येकाच्या नावाची एक काडी पेल्यात ठेवलीये, प्रश्न आधी विचारायचा, थांबायचं, आणि मग काडी काढायची. क्रम बदलू नका, नाव आधी घेतलं की बाकीचे तेहतीस जण सुटतात.

बुधवारी काड्या डब्यात आणि चित्र वहीत. दशकाला उभी रेघ, एककाला टिंब, रेघ खोडायची आणि दहा टिंबं काढायची. जेरोम ब्रूनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात हाताने करणं, चित्राने दाखवणं आणि चिन्हात लिहिणं अशा तीन पद्धती मांडल्या होत्या. आपण वेळ नाही म्हणून मधली वगळतो आणि काड्यांवरून सरळ उभ्या मांडणीवर उडी मारतो. मग मुलं ४ खोडून वर ३ लिहितात, २ च्या डोक्यावर १२ लिहितात, पण काड्यांशी त्याचा काही संबंध आहे हे त्यांना माहीतच नसतं. रेघ-टिंबाला एक पूर्ण दिवस द्या.

बुधवारीच संख्यांचं श्रुतलेखनही घेतलं, आणि मराठीत शिकवणाऱ्यांनी याकडे फार लक्ष द्यायला हवं. आपण एकोणपन्नास म्हणतो, मुलाला ऐकू येतं पन्नास आणि नऊ, ते लिहितं ५९. त्रेपन्न म्हणताना आपण तीन आधी बोलतो आणि पन्नास नंतर, लिहिताना मात्र पाच आधी. मूल ऐकलं तसं लिहितं, ३५. त्याला संख्या कळत नाही असं आपण धरून चालतो. मी सरळ सांगते की नाव असं उलटं आहे, आणि फळ्यावर 'पन्नास आणि तीन, त्रेपन्न' असं दोन्ही बोलत लिहिते. एका दिवसात हे जात नाही, रोज पाच संख्या, बस.

वाचनाचं थोडक्यात. सगळ्यांनी एकत्र मोठ्याने वाचलं की वर्ग छान वाटतो पण कोणाला वाचता येत नाही ते त्या आवाजात लपतं. माझ्या वर्गात एक मुलगा अख्खा धडा घडाघडा म्हणायचा, पान बघितल्यासारखं करून. मी मधल्याच एका ओळीतल्या शब्दावर बोट ठेवलं आणि हे काय विचारलं, तर त्याने पहिल्यापासून धडा म्हणायला सुरुवात केली, त्या शब्दापर्यंत पोचायला. इतके दिवस तो एवढी मेहनत करत होता आणि मला पत्ता नव्हता. त्यामुळे रोज चार-पाच मुलांना जवळ घेऊन मधलेच शब्द वाचायला लावा, आठवड्यात सगळा वर्ग होतो.

गुरुवारी मुलं थकलेली असतात, पेन्सिलीला टोक काढू का, पाणी प्यायला जाऊ का हे दर दोन मिनिटांनी सुरू होतं, तेव्हा मी जुन्याचाच वेगळा खेळ घेते. ८ + ४ = □ + ५. चौकटीत बहुतेक जण १२ लिहितात, काही जण सगळ्याची बेरीज करून १७. अमेरिकेत संशोधकांनी हाच प्रश्न सहावीच्या मुलांना दिला होता, १९९९ मध्ये त्यावर लेख आला, तिथेही १२ आणि १७ च. आपल्याकडे भाषेचीही एक अडचण आहे असं मला वाटतं. आपण वाचतो 'आठ अधिक चार बरोबर बारा', आणि मुलांसाठी बरोबर म्हणजे चूक-बरोबर मधलं बरोबर, म्हणजे या खुणेनंतर बरोबर उत्तर लिहायचं असतं. मी तराजू काढते, इकडे आठ आणि चार काड्या, तिकडे पाच, आता दोन्हीकडे सारखं करायला किती टाकू. सात हे उत्तर मग मुलंच ओरडतात. वाचताना अधूनमधून 'बरोबर'च्या जागी 'म्हणजे तेवढंच' म्हणायची सवय मी लावून घेतलीये.

शुक्रवारी परीक्षा नाही, एक चिठ्ठी. एक गणित, आणि खाली एक ओळ, या आठवड्यात काय अवघड गेलं. लिहिता येत नसेल तर चित्र काढलं तरी चालेल. घरी न नेता तिथेच टेबलावर तीन ढीग करायचे, जमलं, अर्धं जमलं, नाही जमलं. वीस मिनिटांचं काम आहे आणि ३४ वह्यांच्या तपासणीपेक्षा मला त्यातून जास्त कळतं. त्या शुक्रवारी जमलेल्या ढिगात २७ चिठ्ठ्या होत्या.

आणि मग पुढचा सोमवार, हा आठवड्यात धरायचा. तीन प्रश्नांतला पहिला मी तोंडी सांगितला, त्रेपन्न वजा अठ्ठावीस. रबरवाल्या मुलाने वहीच्या कोपऱ्यात पाच रेघा आणि तीन टिंबं काढली, एक रेघ खोडली, दहा टिंबं काढली, या वेळी मोजली नाहीत, आणि २५ लिहिलं. वर्गात बरोबर मात्र २१ च जण होते, शुक्रवारपेक्षा सहा कमी. पूर्वी मी पुन्हा पूर्ण वर्गाला तेच शिकवलं असतं. आता फक्त चुकलेल्यांना घेऊन काड्यांचा डबा मधे ठेवून बसले. बऱ्याच जणांचं परत 'उलटं वजा' झालं होतं, त्यांना अजून दोन-तीन दिवस काड्या लागणार होत्या. पण त्यातल्या दोघांचं उत्तर ७ होतं. दोघांनाही मी विचारलं, गणित वाचून दाखव. त्यांनी वहीत लिहिलं होतं ३५ वजा २८, दशक व्यवस्थित सुट्टा केला होता, खोडून वर दोन लिहिला होता, पंधरातून आठ घालवले होते. वजाबाकीत त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.