भोजनदानाचा हिशेब एकाच शीटवर कसा ठेवावा

बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात जिथे धम्मदीक्षा घेतली, त्या दीक्षाभूमीवर अशोक विजयादशमीला लाखो अनुयायी येतात. आमच्या वस्तीतली मंडळी दरवर्षी त्यांच्यासाठी पुरी-भाजीचा स्टॉल लावते. ‘व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पुरे’ हा सल्ला ऐकू नका. तेलाचे डबे किती आले, हे रात्री अकराला चारशे मेसेजांत शोधावं लागतं.

१. गूगल शीट्समध्ये नवी शीट उघडून दान, सामान आणि पाळ्या असे तीन टॅब करा.

२. मथळ्यांची ओळ फ्रीझ करा, म्हणजे खाली सरकलं तरी ती वर दिसत राहते. दानाच्या टॅबमध्ये पावती क्रमांकाचा कॉलम हवाच.

३. आता शेअर. घात होतो तो इथेच. सोपं म्हणून लोक ‘लिंक असलेला कोणीही एडिटर’, म्हणजे शीटमध्ये बदल करू शकणारा, करून मोकळे होतात. मीही तेच केलं होतं. दसऱ्याच्या चार दिवस आधी कोणीतरी फक्त नावांचा कॉलम निवडून तो अकारविल्हे लावला. नावं हलली, रकमा जागच्या जागी! धुणीभांडी करणाऱ्या एका मावशींनी पोटाला चिमटा काढून ५०१ रुपये दिले होते. त्यांच्या नावापुढे ५१ दिसू लागले. पावतीपुस्तक घेऊन पहाटेपर्यंत एकेक नाव ताडत बसलो. कोणी केलं तेही कळेना, कारण लॉगिन न करता लिहिणाऱ्याचं नाव शीटच्या बदलांच्या इतिहासात येत नाही.

म्हणून एडिटर फक्त नोंदी करणारे तिघं-चौघं, तेही ज्याच्या त्याच्या ईमेलने. बाकी सगळे व्ह्यूअर, म्हणजे फक्त बघणारे. पाळ्या प्रत्येकाला भरू द्यायच्या असतील, तर सर्वांना ईमेलने एडिटर करा, पण आधी कॉम्प्युटरवर डेटा मेनूतून दानाचा टॅब प्रोटेक्ट करा, म्हणजे तिथे फक्त नोंदी करणारेच लिहू शकतील. क्रम लावून बघायचा असेल, तर ‘फिल्टर व्ह्यू’ वापरा. त्याने दुसऱ्याची शीट हलत नाही.

तरी बिघडलंच, तर व्हर्जन हिस्ट्रीत, म्हणजे बदलांच्या त्याच इतिहासात जा. पण थेट ‘रिस्टोअर’ दाबू नका, तिन्ही टॅब मागे जातात आणि नंतरच्या नोंदी समोरून गायब होतात. जुन्या व्हर्जनची कॉपी काढून त्यातला बिघडलेला भागच उचला.

४. गर्दीत नेटवर्कचा भरवसा नसतो. शीट ऑफलाइन ठेवा आणि पाळ्यांचा टॅब आदल्या दिवशी छापून मंडपाच्या बांबूला बांधा.